हातातला गेम आणि टीव्हीखालचा डबा

प्रश्न: सर, मुलगी आठवीत आहे, परीक्षा झाली की गेमचं काहीतरी घेऊन देतो असं बोलून बसलोय. दुकानदार कधी हॅन्डहेल्ड म्हणतो कधी कन्सोल म्हणतो, मला तर एक लहान एक मोठा एवढंच दिसतं. फरक काय नक्की?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: लहान-मोठं वरवरचं आहे हो, खरा फरक विजेचा. कन्सोल म्हणजे प्लेस्टेशन ५ सारखा टीव्हीखालचा डबा, कायम सॉकेटला लावलेला, जड गेम लावला की २०० च्या आसपास वॅट खातो, ती उष्णता बाहेर फेकायला आत भलामोठा पंखा, आणि स्वतःचा स्क्रीन नाही म्हणून टीव्ही लागणारच. हॅन्डहेल्डमध्ये स्क्रीन, बटणं, बॅटरी सगळं एकातच, वर हातात धरायचं म्हणजे फार तापूनही चालत नाही, म्हणून स्टीम डेक नावाच्या हॅन्डहेल्डची चिप साधारण १५ वॅटवर थांबते. तोच गेम त्यावर जरा फिका दिसतो तो यामुळे.

जुनी गंमत सांगतो. १९८९ ला निन्टेन्डोचा गेम बॉय आला, स्क्रीन हिरवट, रंग नाही, लाइट नाही, अंधारात तर काही दिसायचंच नाही. १९९० ला सेगाचा गेम गियर आला, रंगीत, उजळ, बघताक्षणी हाच घ्यावा असा, पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा आणि गेम बॉय चारच सेलवर दहा तासांच्या वर आरामात जायचा. खपला कोण जास्त? गेम बॉय, आणि तोही कितीतरी पट.

घोळ घातला तो निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विचने, तो दोन्ही आहे. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये ठेवला की टीव्हीवर चित्राची स्पष्टता १०८०पी पर्यंत, बाहेर काढला की स्वतःच्या ६.२ इंची स्क्रीनवर ७२०पी, चिपचा वेगही तेव्हा कमी होतो. मग दुकानदार तरी काय करेल! पण त्याचाच लहान भाऊ स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही हे लक्षात ठेवा, आणि प्लेस्टेशन पोर्टल दिसायला हॅन्डहेल्ड असला तरी त्यात गेम इन्स्टॉल होत नाही, सगळं वाय-फायवरून येतं, वाय-फाय गेलं की बसा.

घरात टीव्ही एकच आणि संध्याकाळी त्यावर सिरियल चालत असेल तर हॅन्डहेल्डच बरा, भावंडं मिळून खेळणार असतील तर टीव्हीवाला. आणि पैसे देण्याआधी मुलीला विचारा कुठला गेम हवाय, कारण मारिओ निन्टेन्डोचा, तो प्लेस्टेशनवर येत नाही.