सेक्स्टंटसाठी सीसीतून उचल करावी का?

शिरोली एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप, मालवणला मित्रांसोबत भागीतली शिडाची छोटी बोट, आणि आता सेक्स्टंट घ्यायचाय, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजून समुद्रात आपली जागा काढायचं साधन. धातूचा घरपोच 1,10,000 रुपयांना पडतो, प्लास्टिकचा 30,000 ला. धातूचा घ्यायचा, पैसे सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी बँकेने दिलेली उधारीची मर्यादा) खात्यातून उचलायचे आणि बिल ‘मोजमापाचं साधन’ म्हणून धंद्यात खर्ची टाकायचं, असा तुमचा बेत.

खर्ची टाकायचं आधी डोक्यातून काढा. हौसेचा खर्च धंद्याच्या खर्चात बसत नाही, जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. (तुमचे सीए काय म्हणतील ते इथे छापण्यासारखं नाही.) सीसीतून उचल केलीत तर तुमच्या 11 टक्क्यांनी वर्षाला 12,100 रुपये व्याज, वर कच्चा माल घ्यायच्या वेळी लिमिट अडकलेलं.

मी प्लास्टिकचाच घ्या म्हणेन. मायक्रोमीटर हाताळणारा माणूस नाक मुरडणार, पण हिशोब बघा. कोनात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे जागेत एक सागरी मैल, 1.85 किलोमीटर. छोट्या बोटीत डोळा पाण्यापासून जेमतेम दोन मीटर वर, क्षितिज तीनेक मैलांवर आणि तेही लाटांआड. अशा हेलकाव्यात मुरलेल्या हाताचंही गणित दोन-तीन मैलांनी चुकतं. धातूची जास्तीची अचूकता तिथेच वाया जाते. डेव्हिस कंपनीचा प्लास्टिकचा मार्क 15 पुरेसा आहे. त्याच कंपनीचा मार्क 3 आणखी स्वस्त, पण व्हर्नियरवर (सरकत्या मोजपट्टीवर) 2 मिनिटांपर्यंतच वाचता येतो. प्लास्टिकचा खरा दोष उन्हाचा. तापलं की फ्रेम हलते, म्हणून दर वेळी आधी झिरो एरर (शून्यावर किती चुकतो ते) बघायची आणि बॅकलॅश (स्क्रूची मोकळी हालचाल) टाळायला मोजायचा ड्रम एकाच बाजूने फिरवत आणायचा. हे तुम्हाला मी काय शिकवणार!

सरावाला मालवण गाठायची गरज नाही. गच्चीवर क्षितिजाऐवजी ताटलीत काळं ऑइल ओता, सेक्स्टंटच्या काळ्या काचा लावून सूर्य आणि त्याचं प्रतिबिंब जुळवा, आलेला कोन निम्मा करा. मात्र सेक्स्टंट साधारण 120 अंशांपर्यंतच मोजतो, म्हणजे ताटलीत 60 अंशांपेक्षा उंच सूर्य धरता येत नाही. कोल्हापुरात डिसेंबरात भर दुपारीही तो 50 अंशांवर असतो, तेव्हा जमेल, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळच.

घरखर्चातून महिना 10,000 बाजूला काढा, तीन महिन्यांत रोखीने येईल. त्याआधी बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि एक व्हीएचएफ सेट (बोटीवरचा रेडिओ) आहे ना, ते बघा. नसतील तर पहिले तीन महिने त्यांचे. धातूच्या सेक्स्टंटचा विषय लक्षद्वीपला जायचं ठरेल तेव्हा काढू, आणि तेव्हाही जुना, आरशांचा पारा न उडालेला मिळतो का ते आधी बघू.