तारे, गुण आणि शिकण्याची गोडी

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. जूनमध्ये वर्गात एक तक्ता लावला आणि पुस्तक वाचून झाले की मुलाच्या नावापुढे सोनेरी तारा चिकटवू लागले. पहिला महिना मुले पुस्तकांवर तुटून पडली. आता ती शोधून शोधून पातळ पुस्तक घेतात आणि काही नवे करायला सांगितले की विचारतात, “बाई, याचा तारा मिळणार का?” मुलांना शिकण्याचीच गोडी लागावी यासाठी शाळेने काय करावे?

उत्तर : आपण हेतू चांगला ठेवूनच तक्ता लावलात, आणि त्यात खोट दिसताच ती मान्य करून विचारलेत, याचे मला मोल वाटते. आपल्या वर्गात जे घडले ते मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका बालवाडीत तपासले होते. त्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेल्या मुलांपैकी काहींना त्यांनी ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना काही न सांगता नंतर अचानक ते दिले आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षिसाच्या आशेने चित्र काढलेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची हौस मात्र कमी झाली नाही. म्हणजे कौतुकाने बिघडत नाही, बिघडते ते सौद्याने.

गुणांचेही असेच आहे. शिक्षणाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या संशोधनात ज्यांना केवळ नेमका शेरा मिळाला त्या मुलांची गोडी टिकली, आणि ज्यांना गुण मिळाले त्यांच्यातील मागे पडणाऱ्यांची, सोबत शेरा असूनही, ओसरली. परीक्षा आपल्या हातात नाहीत, हे मी जाणतो. पण रोजच्या वहीवर दहापैकी सहा लिहिण्याऐवजी ‘उत्तर बरोबर आहे, पण ते कसे काढलेस तेही लिही’ असे लिहिणे आपल्याच हातात आहे.

आता मुख्य गोष्ट. गोडी लागते ती प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो तेव्हा, आणि त्यासाठी सामग्री आपल्या बांधावरच आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मुलांच्या घरोघरी असतो. मूठभर दाणे वर्गात आणून मुलांपुढे ठेवा आणि आपण काहीही सांगू नका. दोन दाण्यांवरचे पट्टे सारखे आहेत का, ठळक पट्ट्यांचा दाणा पेरला तर येणारे सगळे दाणे तसेच निघतील का, असे प्रश्न मुले स्वतःच विचारतील. मग कुंड्यांत पेरणी, रोज पट्टीने उंची मोजणे, तिचा आलेख, आजोबांना विचारून लिहिलेली पेरणीची माहिती. गणित, विज्ञान आणि भाषा यांत आपोआप येतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही येत नसेल तर तसे सांगून मुलांबरोबर शोधायला बसावे. बाईही शिकतात, हे मुलांना दिसण्याइतके मोलाचे वर्गात क्वचितच काही असते.

याला जोडून एक साधी सवय सुचवतो. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजून थांबावे. शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, असे अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणात आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

आपल्या जिल्ह्यात या विचाराची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि स्वतः कष्ट करून शिकत. स्वतःच्या श्रमाने मिळवलेले शिक्षण मुलाला आपले वाटते, असे मला ठामपणे वाटते. कुंडीला पाणी घालण्याची पाळी मुलांनीच ठरवावी, हा आग्रह त्यासाठीच.

तक्ता मात्र एका रात्रीत काढू नये, मुलांना ती शिक्षा वाटेल. हा महिना पूर्ण होऊ द्या. पुढच्या महिन्यात त्याच जागी कोरा कागद लावा आणि ज्याला जे पुस्तक आवडले असेल त्याने मित्रासाठी त्यावर दोन ओळी लिहाव्यात, असे सांगा. ज्याने लिहिले नाही त्याला विचारू नका. पालकसभेतही हे आधी समजावून सांगा, नाहीतर घरी “आज किती तारे?” हा प्रश्न सुरूच राहील.