वर्ष नको, आधी तास मागा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

चार वर्षांचं बी.फार्म., म्हणजे फार्मसीची पदवी, पाच वर्षांची करा, असं निवेदन तुम्ही मुलं देणार आहात आणि मसुदा तुझ्याकडे आला आहे, हे वाचून फार बरं वाटलं. या विषयावर विद्यार्थ्यांनी बोलायलाच हवं. पण सह्या घेण्याआधी माझं ऐक. जादा वर्ष मागण्याआधी पेशंटसमोरचे तास मागा.

फार्मसी कौन्सिलच्या 2014 च्या नियमावलीत बी.फार्म.ला सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवड्यांत किमान 150 तासांचं प्रशिक्षण आहे, आणि ते कारखान्यात केलं तरी चालतं. दोन वर्षांच्या डी.फार्म. पदविकेला मात्र 500 तास, किमान तीन महिने. नोंदणी दोघांचीही फार्मासिस्ट म्हणूनच. म्हणजे दुप्पट वर्षं शिकलेली मुलगी एकाही पेशंटशी न बोलता उद्या काउंटरवर उभी राहू शकते. निवेदनाची सुरुवात इथूनच कर.

परळला केईएमच्या आसपास एखाद्या मेडिकलमध्ये संध्याकाळी उभी राहून बघ. संधिवाताच्या बाई मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी घेऊन येतात. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. हे तुला फार्माकॉलॉजीत येतं, पेपरात लिहिशीलही. पण "मावशी, कुठल्या वारी घेणार?" असं विचारायचं, त्यांनी वार सांगितल्याशिवाय पाकीट हातात द्यायचं नाही, तो वार पाकिटावर ठळक लिहायचा, सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या पाकिटात द्यायची, कारण दोन्ही बरेचदा लहान आणि पिवळ्याच असतात, हे सगळं मागे गर्दी ओरडत असताना करायचं, ते कुठल्या प्रॅक्टिकलला शिकवतात? फार्मसी प्रॅक्टिस हा विषय सातव्या सेमिस्टरला येतो, तोही थिअरीचा.

आपल्या मुंबईत हे खपून गेलं, कारण फार्मसी म्हणजे कंपनीची नोकरी हेच घराघरात ठरलेलं. प्रॉडक्शन, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी, रेग्युलेटरी म्हणजे औषध-मंजुरीची कागदपत्रं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण सगळा अभ्यासक्रम त्याच वाटेने नेणं मला पटत नाही.

युरोपीय संघात किमान पाच वर्षं लागतात हे तू बरोबर लिहिलंस, पण त्यात सहा महिने दुकानात किंवा हॉस्पिटलात काढावे लागतात, तेही लिही. आपल्याकडे 2008 साली आलेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. या पदवीतही शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं आहे. आपलं पाचवं वर्ष लॅबमध्येच जाणार असेल, तर विरार-कल्याणहून लोकलने येणाऱ्या मुलांच्या आई-बापांनी आणखी एक फी का भरावी?

माझ्या मते सातवं सेमिस्टर पूर्ण वॉर्डात आणि काउंटरवर न्यावं. त्यासाठी सहाव्यापर्यंतच्या प्रॅक्टिकलमधलं काय गाळता येईल, ते तुम्हीच विषयवार काढा. तुमच्याइतकं ते कुणाला ठाऊक नसेल. खरी अडचण शिक्षकांची आहे. ज्यांनी स्वतः वॉर्ड पाहिला नाही ते तिथे काय शिकवणार? म्हणून हॉस्पिटलमधल्या फार्मासिस्टना मानधन देऊन शिकवायला बोलवा, ही मागणी ठामपणे मांडा. प्राचार्य "जागा नाही" म्हणतील, तेव्हा पालिकेच्या रुग्णालयांची यादी पुढे ठेव.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून लगेच कळवते.

तुझी,
मॅडम