वाचकांचे प्रश्न : चंद्र, हवामान आणि गळाला लागणारा मासा

प्रश्न : मी दापोली तालुक्यात खाडीकाठी राहतो आणि सुट्टीला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. माझ्या मोबाइलमधील एक अ‍ॅप चंद्राची स्थिती आणि हवेचा दाब पाहून प्रत्येक दिवसाला गुण देते. आजोबा मात्र नुसती तिथी विचारतात. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : खाडीपुरते आजोबांचे. अशा अ‍ॅपांचे मूळ अमेरिकेतील जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ साली मांडलेल्या कल्पनेत आहे. चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली असताना मासे व वन्यप्राणी अधिक हालचाल करतात, असे तीत गृहीत धरलेले आहे. कोरड्या जमिनीवर किंवा धरणाच्या पाण्यात याला भक्कम पुरावा नाही. खाडीत मात्र चंद्र खरोखरच काम करतो, पण ते भरती-ओहोटीच्या मार्फत.

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठे असते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असल्याने भांगाची, म्हणजे मंद भरती येते. भरतीबरोबर कोळंबी आणि बोयीसारखे लहान मासे कांदळवनाच्या मुळांत शिरतात व ओहोटी लागली की अरुंद तोंडांतून बाहेर पडतात. तांबोशी आणि जिताडा हे शिकारी मासे नेमके तेथेच दबा धरतात. म्हणून दिवस कोणता यापेक्षा पाणी कोणत्या घडीला फिरते, हे महत्त्वाचे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आजोबांचा हिशेब आपल्यालाही ठाऊक असेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईला तो बऱ्यापैकी जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. ऐन उधाणात पाण्याची ओढ इतकी असते की गळ तळाशी ठरत नाही आणि पाणी गढूळ होते, तेव्हा उधाण ओसरू लागल्यानंतरचे दिवस मला अधिक पसंत आहेत.

हवेच्या दाबाविषयी माझे मत रोखठोक आहे. दाब १० हेक्टोपास्कलने उतरणे ही हवेत मोठी घटना असते. पाण्यात मात्र मासा जेमतेम १० सेंटिमीटर वर सरकला तरी त्याच्यावरील दाब तेवढाच घटतो. एका भरतीत त्याच्या डोक्यावरचे पाणी याच्या कितीतरी पट चढते-उतरते. वाऱ्याने ढवळलेले पाणी, ढगाळ उजेड आणि पावसाने खाडीत उतरलेले गोडे पाणी यांचा परिणाम खरा आहे. पहिल्या पावसातील वलगणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र ते अंडी घालण्यासाठी चढत असतात, तेव्हा त्यांना सोडून द्यावे, एवढी विनंती जाता जाता करतो.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावरून प्राणी मोजतात. त्या रात्री ते अधिक फिरतात का?

उत्तर : नाही, त्या रात्री आपल्याला अधिक दिसते. वैशाखात बरेचसे पाणवठे आटलेले असतात, उरलेल्यांवर येण्यावाचून प्राण्यांना गत्यंतर नसते आणि चांदण्यामुळे दिव्याची गरज पडत नाही. उलट चांदण्यात अनेक लहान सस्तन प्राणी उघड्यावर येणे टाळतात. टांझानियातील सिंहांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हे हल्ले पौर्णिमेनंतरच्या, चंद्र उशिरा उगवणाऱ्या अंधाऱ्या संध्याकाळी अधिक होतात, असे त्यात आढळले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे या माहितीचा उपयोग मचाणावर बसणाऱ्याला आहे, तसाच अंधाऱ्या पक्षात रानालगतच्या शेतावर राखणीला जाणाऱ्यालाही आहे.