बँक विलीन झाली, तर थकलेलं कर्ज कोणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातलं घरकर्ज आंध्रा बँकेचं, दुकानाचं सीसी (कॅश क्रेडिट: ठरलेल्या लिमिटपर्यंत धंद्यासाठी पैसे उचलण्याचं) खातं युनियन बँकेत. घराचे दोन हप्ते थकलेत. कर्ज देणारी बँकच उरली नाही, तर वसुली कोण करणार?

युनियन बँकच. १ एप्रिल २०२० ला आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक तिच्यात गेल्या, त्या येण्या-देण्यासकट. तुमचं गहाणखत, करार, थकबाकी, सगळं तिच्याकडे आलं. बुडीत कर्जं विलीनीकरणात धुऊन निघत नाहीत, फक्त मोठ्या ताळेबंदात कमी दिसतात. 'राइट-ऑफ' म्हणजेही माफी नव्हे. बँक तरतूद करून ती रक्कम ताळेबंदातून काढते, कर्जदाराकडची वसुली चालूच राहते.

तुमचा खरा धोका वेगळाच आहे. एनपीए (बँकेनं थकीत म्हणून वर्ग केलेलं कर्ज) ठरतो तो कर्जदारावरून, एकेका खात्यावरून नाही. पूर्वी दोन बँका होत्या, म्हणून घरकर्ज थकलं तरी सीसीला धक्का नव्हता. आता बँक एकच. घराच्या हप्त्याची जुनी थकबाकी ३० दिवसांपुढे गेली की खातं एसएमए-१ (एनपीए होण्याआधीचा इशाऱ्याचा टप्पा), ६० पुढे एसएमए-२ आणि ९० उलटले की एनपीए. मग दुकानाचं सीसी कितीही नीट चालवा, तेही एनपीए. लिमिटचं नूतनीकरण तिथंच अडतं. त्याच बँकेत एफडी असेल तर ती थकबाकीत वळती करून घेण्याचाही बँक प्रयत्न करते.

म्हणून ९० दिवसांच्या आत निदान सर्वांत जुना हप्ता भरा. भरलेला पैसा आधी जुन्या थकबाकीत जातो आणि दिवसांची मोजणी मागे येते. एकदा एनपीए झालं की ही सोय संपली: दोन्ही खात्यांची थकबाकी पूर्ण चुकती केल्याशिवाय खातं नियमित होत नाही. एखादा हप्ता भरून मॅनेजरला गळ घालणं (हे फार चालतं) निरुपयोगी.

एनपीएनंतर सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली तर पैसे भरायला मुदत ६० दिवस. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेतला तर ४५ दिवसांत नागपूरच्याच कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

काटोलकडे संत्र्याची बाग किंवा कापूस असेल तर पीककर्जाला ९० दिवस लागू नाहीत, तिथं हंगाम मोजतात. शेतजमिनीवर सरफेसीही चालत नाही.