लावा हातावर येत नाही म्हणतोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फार्मवरून आणलेले पाच लावे महिना होत आला तरी हात दिसताच कोपऱ्यात पळतात, म्हणून आता अंडी घरीच उबवायची आणि एकच पिल्लू स्वतःच्या अंगाखांद्यावर वाढवायचं, असा तुझा बेत दिसतो. एकट्या पिल्लाचा बेत सोडून दे, हे आधीच सांगतो. कारण पुढे लिहितो. अगोदर त्या पाच जणांचं पाहू.

लावा जमिनीवर जगणारा पक्षी. शिक्रा असो की घार, त्याच्यावर मोठं संकट येतं ते वरून. तुझा पिंजरा वरून उघडतो आणि तू वरूनच हात घालतोस. म्हणजे रोज दोन वेळा खायला घालायच्या निमित्तानं तू त्यांना शिकारी पक्ष्याची आठवण करून देतोस. पिंजऱ्याला बाजूनं दार कर, आणि पिंजरा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेव, म्हणजे खुर्चीत बसलास की तुझा चेहरा त्यांच्या पातळीवर येईल. छप्पराचंही बघ. दचकलेला लावा पळत नाही, सरळ वर उसळतो आणि डोकं आपटून घेतो. म्हणून छप्पर एक तर फूटभरच उंचीचं असावं, जेणेकरून त्याला जोर घेता येणार नाही, नाहीतर जाळीखाली मऊ कापड ताणून बांध.

मग काही दिवस हात घालायचाच नाही. पिंजऱ्याशेजारी बस, अभ्यास कर, वाच. खाद्य ठेवताना दर वेळी एकच आवाज काढ, कोणताही, पण तोच. ते तुझ्यासमोर निवांत खाऊ लागले की तळहात वर करून जाळीच्या तळाशी टेकव आणि त्यावर थोडी वाळवी किंवा मीलवर्म (दुकानात मिळणाऱ्या किड्याच्या अळ्या) ठेव. वाळवी जुन्या कुजक्या लाकडात मिळेल. त्यासाठी वारूळ मात्र खणू नकोस. आपल्याकडे ते सातेरी देवीचं रूप आहे. पहिला लावा मान लांब करून चोच मारेल आणि मागे पळेल. हात हलवू नकोस. पुढे कधीतरी तो तळहातावर पाय ठेवेल, आणि नेमकी तेव्हाच बोटं मिटायची इच्छा होईल. ती आवरायची. त्याला हवं तेव्हा उतरू दिलंस तर तो परत चढेल.

आणखी एक गोष्ट फार लोक चुकीची समजतात. लाव्याला घट्ट धरलं, उताणं केलं, की तो निपचित पडतो. लोक म्हणतात, बघा कसा शांत झाला. ती शांती नव्हे, ते भय आहे. सुटका नाही असं वाटलं की शरीर गोठतं. खरा विश्वास निराळा दिसतो. तुझ्यादेखत तो कुशीवर कलंडून एक पाय लांब करेल, डोळे मिटेल, धुळीत पंख फडफडवत लोळेल. शिकारी जवळ असताना कोणताही लावा असं करणार नाही. माझ्या मते लावा माणसाळला की नाही याची परीक्षा हीच. हातावर बसणं त्यानंतरचं, आणि काही लावे आयुष्यभर बसतच नाहीत. म्हणून त्यांचा जीव तुझ्यावर कमी आहे असं धरू नकोस.

आता पिल्लांकडे येतो. तू ऐकलंस ते खरं आहे. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलताना, बोलताना दिसतं त्याच्यामागे लागतं. पाळीव लाव्याच्या मादीत अंड्यावर बसण्याची वृत्ती जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे उबवणी यंत्र लागणारच. 17-18 दिवसांत पिल्लं निघतात, जेमतेम 7-8 ग्रॅमची. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 ते 37 अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत जायची. पाण्याच्या ताटलीत खडे घाल, नाहीतर इवल्याशा पाण्यातही बुडतात. हे सगळं तुला जमेल.

पण एकच पिल्लू वाढवलंस तर ते तुलाच आपला थवा समजेल, आणि तू सकाळी कॉलेजला गेलास की दिवसभर हाका मारत राहील. सहा-आठ आठवड्यांत ते वयात येतं. नर असेल तर तुझ्या हातालाच जोडीदार समजेल, पुढे इतर लाव्यांत सोडलंस तर नीट मिसळणार नाही. एवढ्याशा जिवाला आपल्यावर इतकं अवलंबून करणं मला क्रूर वाटतं. चार-पाच पिल्लं एकत्र वाढव, त्यांच्याजवळ बस, बोल. ती तुलाही ओळखतील आणि एकमेकांनाही. थवा धीट असला की एकेक पक्षी आपोआप धीट होतो. नर मात्र एकच ठेव; दोन असले की माद्यांच्या डोक्याची पिसं उपटली जातात. तीन आठवड्यांनंतर छाती तांबूस झाली तर नर, ठिपकेदार राहिली तर मादी.

सड्यावर ऐकू येणारे रानातले लावे पकडण्याचा विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि तो पक्षी पिंजऱ्यात भयानंच खंगतो. तुझे जपानी लावे वेगळे; त्यांची जात 1974 साली इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. म्हणूनच कंटाळलास तर त्यांना रानात सोडायचं नाही. ते तिथे जगणार नाहीत.

आपल्या पावसाची काळजी घे. आषाढात खाद्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्यांना मारते. थोडं थोडंच आण, घट्ट डब्यात ठेव. पिंजऱ्यात अंथरलेली तूस ओली झाली की त्याच दिवशी बदल. त्यांना लोळायला लागणारी वाळू उन्हाळ्यातच धुऊन वाळवून ठेव. जाळी बारीक घे, धामण फटीतून येते आणि मुंगूस खालून उकरतं.

नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, पिंजरा पडवीत ठेवू नकोस. ढोल, फटाके आणि स्पीकर यांनी लावे अंधारात उसळून माना मोडून घेतात. आतल्या खोलीत ने, वर जाड चादर टाक, मंद दिवा चालू ठेव.

अंडी आणण्याआधी पडवीची लांबी-रुंदी मोजून मला कळव, आणि दुपारचं ऊन कुठपर्यंत येतं तेही. मग पिंजरा कसा बांधायचा ते काढून पाठवतो.

तुझा,
काका