दहा बाय दहाची खोली आणि वाइड लेन्स

या वेळचे वाचकांचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: रोज गळ्यात राहील आणि कमी उजेडातही चालेल अशी वाइड (जास्त रुंदी मावणारी) प्राइम (झूम न होणारी) लेन्स कोणती घ्यावी? माझं मत आधीच सांगून टाकतो. एफ/१.४ की एफ/१.८ हा वाद नंतरचा (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). तुम्ही फोटो काढताना माणसापासून किती फुटांवर उभे असता, ते आधी बघा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

भाऊ, माझ्याकडे कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ झूम लेन्स आहे. घरचे, पोरांचे, वावरातले फोटो काढतो. संध्याकाळी घरात फोटो हलतात. सगळे म्हणतात, ५० मिमी एफ/१.८ घे, स्वस्त आहे. घेऊ का? घेऊन पस्तावलो नाही पाहिजे.
— शेतकरी, वरूड तालुका

स्वस्त आहे, चांगली आहे, पण तुमच्या कामाची नाही. १५००डीचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा, लहान आहे, त्यामुळे त्यावर ५० मिमी लावली की ती फुल फ्रेमवरच्या ८० मिमीसारखी वागते, रुंदी कमी मावते. आकड्यात सांगतो. दहा फुटांवरून ५० मिमीत आडव्या फोटोत जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलात तरी पाटावर बसलेला बाप येईल आणि शेजारचा पोरगा कापला जाईल. त्याच जागेवरून २४ मिमी लावा, नऊ फुटांहून थोडं जास्त येतं. म्हणजे जवळजवळ जेवढं अंतर तेवढी रुंदी. तुमच्याकडची २४ म्हणजे फुल फ्रेमची ३८. फुल फ्रेमच्या ३५ मिमीच्या आसपासच्या लेन्सचा हा हिशोब तोंडपाठ ठेवा, कुठेही कामी येतो.

तुमच्या कॅमेऱ्यासाठी कॅननची ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे. २०१४ सालची, चपटी, वजन १२५ ग्रॅम. पण एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुमची १८-५५ सुद्धा २४ मिमीवर एफ/४ पर्यंत उघडते. म्हणजे या लेन्सने उजेड फक्त दुप्पट मिळेल, एक स्टॉप. शिवाय तुमच्या झूमवर आयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर तो या लेन्समध्ये नाही. देवघरातल्या समईचा किंवा भिंतीचा फोटो काढायचा असेल तर आयएसवाली जुनी झूमच बरी पडेल. आयएस तुमचा हात सावरतो, पोराचं धावणं नाही थांबवत. हलणाऱ्या माणसासाठी शटर जलद लागतो आणि तिथेच तो एक स्टॉप उपयोगी येतो.

एका स्टॉपने भागत नसेल तर सिग्माची ३० मिमी एफ/१.४ बघा. उजेड भरपूर, पण ती तुमच्याकडे ४८ मिमीसारखी होते, वाइड राहत नाही. कॅननच्या लहान सेन्सरच्या डीएसएलआरला स्वस्त, वाइड आणि फास्ट (जास्त उजेड घेणारी) अशी तिन्ही गुणांची प्राइम कॅननने दिलीच नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

म्हणून खर्च करण्याआधी हे करा. झूमची रिंग २४ वर फिरवून चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तशीच वापरा. घरात, कोठ्यात (गोठ्यात), धुऱ्यावर (बांधावर), बाजारात. दर वेळी मागे सरकावंसं वाटलं तर १८ हवी, पुढे जावंसं वाटलं तर ३०. काहीच वाटलं नाही तर २४ घ्या, तीही जुनी चालेल.

सर, सोनी ए६४०० आहे. हळदी, लग्नं आणि पोळ्याचे फोटो करतो. सिग्मा १६ मिमी एफ/१.४ घ्यायचं जवळपास ठरलंय. पण मित्राच्या १६ वर काढलेल्या ग्रुप फोटोत कडेची माणसं फुगलेली दिसली. लेन्स खराब होती का?
— छायाचित्रकार, आर्णी, जि. यवतमाळ

लेन्स ठणठणीत असणार. १६ मिमी तुमच्या सोनीवर २४ मिमीसारखी वागते. इतक्या वाइड लेन्समध्ये कडेला आलेली गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते आणि माणसाचं डोकं गोलच असतं. दोन्ही कडांना थोडी जागा मोकळी सोडा, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरा, मामांना टोकाला उभं करू नका. एवढ्याने बराच फरक पडतो.

नाक मोठं दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. ते लेन्समुळे होत नाही, जवळ गेल्यामुळे होतं. दीड फुटावरून बैलाचा चेहरा काढलात तर नाकपुड्या फ्रेमभर येतात आणि रंगवलेली शिंगं मागे बारीक होतात. मालकाने शिंगांना बेगड लावायला सकाळ घालवलेली असते, त्याला हा फोटो आवडत नाही. (आणि बैल मारका निघाला तर लेन्सची चर्चा तिथेच संपते.) चार-पाच फुटांवर थांबलात तर बैल, झूल, त्याचा कासरा धरलेला माणूस आणि मागचं तोरण, सगळं येतं.

१६ ची खरी ताकद पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दिसते. खांदशेकणीला (बैलांचे खांदे शेकण्याच्या विधीला) कोठ्यात एक पिवळा बल्ब, पळसाच्या पानाने तूप-हळद लावणारे हात आणि मागे सरकायला जागा नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १६-५० झूमवर एफ/३.५ ला जिथे १/२० सेकंद लागतो, तिथे एफ/१.४ ला त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेवर) १/१२५ मिळतो. हात स्थिर, बैलाची मान स्थिर. ए६४०० मध्ये सेन्सर-स्थिरीकरण (कंप सावरणारी सोय) नाही आणि या लेन्समध्येही नाही, म्हणून इथे जलद शटर महत्त्वाचा.

पण मागचा भाग लोण्यासारखा धूसर होईल ही आशा सोडा. दोन मीटरवर एफ/१.४ ला सुद्धा पुढून मागे जवळपास ८५ सेंमीचा भाग स्पष्ट येतो. उलट एफ/५.६ करून फोकस अडीच मीटरवर ठेवलात तर सव्वा मीटरपासून दूरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. वरातीत फोकसशी झटापट करायची गरजच नाही.

एकच लेन्स घेणार असाल तर मी १६ घेणार नाही, सिग्माचीच २३ मिमी एफ/१.४ घेईन. हळदीच्या मांडवात ती ३५ सारखी वागते, चेहरे नीट ठेवते आणि अरुंद जागेतही निभते. १६ दुसरी म्हणून घ्या. सुमारे ४०० ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात जाणवते.

निकॉन झेड ५० वर २४ मिमी एफ/१.७ घेतली. घरात फोटो मस्त येतात, पण झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीच्या) नाटकात रंगमंच लहान दिसतो आणि फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. एफ/१.४ वाली घ्यायला हवी होती का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, वडसा

नाही. एफ/१.७ आणि एफ/१.४ मध्ये अर्ध्या स्टॉपचा फरक, तो आयएसओ थोडा वाढवून भरून निघतो. तुमची अडचण अंतराची आहे. तुमची लेन्स ३६ सारखी वागते, म्हणजे वरचाच हिशोब: चाळीस फुटांवर बसलात तर चाळीस फूट रुंदी येणार आणि त्यात मंडपाचे बांबू, पुढच्यांची डोकी, सगळं. प्रेक्षकांतून काढायला वरूडच्या शेतकऱ्याला मी नको म्हटलेली ५० मिमीच्या आसपासची लेन्स तुम्हाला हवी. २४ घेऊन पडद्यामागे जा, आधी विचारून. रंगभूषा चालू असते, आरशाभोवती बल्ब असतात, नट आणि तुम्ही यांच्यात तीन फूट. तिथे ही लेन्स सोनं आहे.

पट्टे दिव्यांमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. काही रंगीत एलईडींची चाल वेगळी असते, तिथे शटर थोडा पुढे-मागे करून बघा.

माझ्याकडे निकॉन डी३४०० आहे. नागपुरात जुनी २४ मिमी एफ/२.८डी स्वस्तात मिळतेय. घेऊ?
— हिंगणघाट

फोकस हाताने फिरवायची तयारी असेल तरच. डी३४०० मध्ये फोकस मोटर नाही आणि या जुन्या ‘डी’ लेन्समध्येही नाही. निकॉनच्या लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असेल तरच तुमच्याकडे ऑटोफोकस चालेल. एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी चांगली आणि परवडणारी आहे, पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती ५२ सारखी वागते. पाकिटावर ३५ लिहिलंय म्हणून वाइड समजू नका.

शाळेतले उपक्रम, प्रभातफेरी, पोषण आहार यांचे फोटो लागतात. फोन चांगला आहे. वाइड लेन्ससाठी कॅमेरा घ्यावा का?
— शिक्षिका, धारणी

ताई, नको. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या तोडीचाच असतो. तुम्हाला हवी असलेली रुंदी हातात आहेच. वर्गात मुलांना खिडकीकडे तोंड करून बसवा आणि फोनची काच ओढणीने नव्हे, स्वच्छ सुती कापडाने पुसा. हेच पैसे वर्गातल्या चांगल्या दिव्यावर लावलेत तर फोटोही सुधारतील.

आमची जिनिंग आहे. रुईचे तंतू, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल. प्राइम लेन्स टिकेल का? आणि जुनी घेताना काय बघू?
— वणी

प्राइम टिकते. बऱ्याच झूमप्रमाणे नळी आतबाहेर होऊन हवा ओढत नाही, तेवढी धूळही कमी जाते. पण जिनिंगमध्ये लेन्स बदलू नका. जी लावून गेलात तीच लावून बाहेर या. तंतू काचेवर बसला तर तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर ठेवा. हूड (लेन्सपुढची संरक्षक कड) कायम लावा, तो उन्हासाठी असतोच पण बोटांचे ठसेही वाचवतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद गाडीत कॅमेरा ठेवायचा नाही, आतलं ग्रीस पातळ होऊन ऍपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या) पात्यांवर येऊ शकतं. पावसाळ्यात चामडी केसमध्ये कोंडू नका, बुरशी तिथेच धरते. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल, आणि जेल ओलं झालं की बदला किंवा वाळवा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे वापरणे. जी लेन्स दर आठवड्याला उन्हात निघते तिला बुरशी सहसा लागत नाही.

जुनी घेताना ऍपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. चार-दोन धुळीचे कण दिसतीलच, त्यांनी फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा सोडा, कितीही स्वस्त असो. मग कॅमेऱ्याला लावून सपाट भिंतीचा फोटो पूर्ण उघड्या ऍपर्चरवर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपरे स्पष्ट आणि एक धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी. विकणारा पडली नाही म्हणेलच, तुम्ही कोपरा बघा.